जुन्या स्पीकरची उलटतपासणी



जुन्या बाजारांत वस्तु मिळते, पण तिचा पूर्वेतिहास मिळत नाहीं. ती कोणाच्या घरीं होती, तिनें किती पावसाळे पाहिले, कोणत्या लग्नांत तिचा कान पिळून तिला ओरडावयास लावलें होतें, हें विकणारा सांगत नाहीं आणि घेणाराहि विचारीत नाहीं. नवी वस्तु बिघडली तर हमीपत्र पुढें करतां येतें; जुनी बिघडली म्हणजे घरांतलीं माणसें एकमेकांकडे पाहूं लागतात. घरच्या टेलिव्हिजनसाठीं आणलेला जुना स्पीकर हें याचें चांगलें उदाहरण आहे. त्याचा दोष कोणत्या क्रमानें शोधावा, कोठें हात घालावा आणि कोठें घालूं नये, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

समजा, असें एक घर आहे. टेलिव्हिजन नवा आहे, पाटीसारखा पातळ आहे आणि भिंतीला टांगलेला आहे. चित्र असें कीं पाहातच राहावें. पण आवाज किरटा. यांत नवल नाहीं. ध्वनि उत्पन्न करणें म्हणजे हवा हलविणें, आणि हवा हलविण्यास जागा लागते. पातळ पेटींत लहानसेच स्पीकर मावतात, आणि बहुधा त्यांचें तोंड आपल्याकडे नसून खालीं किंवा मागें भिंतीकडे असतें. त्यामुळें घरांतल्या आजी बातम्या पाहातात, पण त्यांना त्या ऐकूं येत नाहींत. "काय म्हणाला गं तो?" असें त्या नातीला विचारतात. नात दोनदां सांगते. तिसऱ्या वेळीं "कांहीं नाहीं गं, आजी" म्हणून मोकळी होते. हें "कांहीं नाहीं" म्हातारपणीं फार लागतें. म्हणून चिरंजीव एके रविवारीं जुन्या बाजारांतून लांकडी पेट्यांतल्या स्पीकरची एक जोडी आणि एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आवाज वाढविणारें यंत्र, घेऊन येतात.

जोडणी होते. डावी पेटी मुकी राहाते. उजवींतून भुंग्यासारखी गुणगुण येते. तारा हलवून, चापट्या मारून दोन्ही पेट्या एकदांच्या बोलूं लागतात, तर आजी म्हणतात, "आवाज मोठा झाला रे, पण शब्द कळत नाहींत." घरांत तीन निकाल लागतात. मुलगा म्हणतो, विकणाऱ्यानें फसविलें. सून म्हणते, टेलिव्हिजनच बिघडला. आणि नातू हळूच म्हणतो, आजीचे कान गेले. तिन्ही निकाल पुराव्यावांचून लागलेले आहेत. आपण आतां पुरावा गोळा करूं.

प्रथम आरोपीची ओळख करून घेऊं. आज घरोघर दिसणारे बहुतेक स्पीकर, अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या रचनेचे वंशज आहेत. कागदाचा एक शंकु. त्याच्या निमुळत्या टोकाला बारीक तारेचें वेटोळें. आणि तें वेटोळें एका बळकट लोहचुंबकाच्या खांचेंत अधांतरीं. वेटोळ्यांतून वीज एका दिशेनें गेली कीं शंकु पुढें सरतो, उलट दिशेनें गेली कीं मागें येतो. हा खेळ सेकंदाला शेंकडों आणि हजारों वेळां चालला म्हणजे आपल्याला शब्द ऐकूं येतो. कागदाच्या जागीं कोठें प्लॅस्टिक आलें, कोठें रेशीम आलें. तत्त्व तेंच राहिलें. इतक्या साध्या वस्तूंत बिघडण्यासारखें फार थोडें असतें, हें पुढच्या तपासांत विसरूं नये.

पण स्पीकर एकटा नसतो. टेलिव्हिजनमधून निघालेला आवाज पांच मुक्काम करीत आपल्यापर्यंत येतो: टेलिव्हिजनमधील आवाजाची मांडणी, तेथून निघणारी केबल, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकरच्या तारा, आणि सर्वांत शेवटीं पेटी. दोष कोणत्याहि मुक्कामावर घडो, तो उघड होतो पेटीच्या तोंडून. म्हणून शिव्या पेटी खाते. नळाला पाणी आलें नाहीं तर शहाणा मनुष्य तोटी फोडीत नाहीं. आधीं गच्चीवरची टांकी पाहातो. येथेंहि तसेंच करावयाचें.

त्यासाठीं दोन नियम पुरेसे आहेत. पहिला, एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. केबल बदलली, बटणें फिरविलीं आणि तारा उलटसुलट केल्या, आणि मग आवाज आला, तर तो कशानें आला हें कधींच कळत नाहीं; आणि जो दोष आपण होऊन गेला तो आपण होऊन परतहि येतो. दुसरा नियम, वाट मधोमध तोडावयाची. टेलिव्हिजनची केबल काढून अ‍ॅम्प्लिफायरला मोबाइल फोन जोडावा आणि त्यावर नेहमींचें एखादें गाणें लावावें. गाणें नीट वाजलें तर अ‍ॅम्प्लिफायर, तारा आणि पेट्या तिन्ही निर्दोष ठरतात, आणि दोष टेलिव्हिजनकडील बाजूस उरतो. गाणेंहि बिघडलेलेंच वाजलें तर टेलिव्हिजन सुटला. एका प्रयोगानें अर्धे संशयित घरीं जातात.

टेलिव्हिजनकडे दोष निघाला तर पेचकस उचलण्याचें कारण नाहीं. तेथें बहुधा मांडणीचाच घोटाळा असतो. आवाज बाहेरच्या स्पीकरकडे पाठवावयाचा, ही निवड केली आहे काय, तें पाहावें. एचडीएमआय केबल वापरीत असाल तर ती टेलिव्हिजनच्या ज्या खांचेवर एआरसी असें लिहिलें आहे तिच्यांतच गेली पाहिजे. टेलिव्हिजनकडून आवाज परत पाठविण्याची ही सोय एचडीएमआयमध्यें २००९ सालीं आली, आणि त्यापूर्वींच्या यंत्रांना ती ठाऊक नाहीं. ऑप्टिकल केबल, म्हणजे प्रकाशानें आवाज वाहून नेणारी केबल, असेल तर तिच्या टोकाशीं तांबडा उजेड दिसावा. टोकांवरचीं प्लॅस्टिकचीं बारीक टोपणें काढावयाचीं राहून गेल्यामुळें कित्येक घरीं शांतता नांदते. उजेड आहे पण आवाज नाहीं, असें झालें तर टेलिव्हिजन अशा सांकेतिक रूपांत आवाज पाठवीत असेल कीं जें जुन्या यंत्राला वाचतां येत नाहीं. आवाजाच्या यादींत पीसीएम ही साधी निवड केली कीं बहुधा काम भागतें. अ‍ॅम्प्लिफायरला केवळ तांबड्या-पांढऱ्या गोल खांचा असतील तर ऑप्टिकल केबल सरळ जोडतां येत नाहीं. मध्यें रूपांतर करणारी लहानशी डबी लागते. ब्लूटूथनें जोडल्यावर ओठ आधीं हलतात आणि शब्द मागून येतो, हा तर स्पीकरचा दोषच नव्हे. आवाजाची बांधणी आणि उकल करण्यास लागणारा तो वेळ आहे; केबल जोडली कीं तो बहुतेक नाहींसा होतो.

आतां आपल्या घरची मुकी पेटी घेऊं. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याच्या पाठीमागें लावलेल्या दोन्ही पेट्यांच्या तारांची अदलाबदल करावी, आणि मग तो पुन्हां सुरू करावा. डावीच पेटी मुकी राहिली तर दोष तिच्यांत किंवा तिच्या तारेंत आहे. पण डावी बोलूं लागून उजवी मुकी झाली, तर दोन्ही पेट्या निर्दोष आहेत आणि दोष अलीकडे आहे. तार सोडून पाहिली तर दमट हवेच्या गांवीं तांब्यावर बहुधा हिरवट-काळा गंज आढळतो. तेवढा तुकडा कापून टाकावा आणि चकचकीत तांबें उघडें करून पक्कें आवळावें. मात्र तारेचा एकहि मोकळा केंस शेजारच्या खांचेला चिकटूं देऊं नये. त्यानें अ‍ॅम्प्लिफायर गप्प बसतो, आणि एखादे वेळीं कायमचाच. आवाजाचें बटण फिरवितांना खरखर होत असेल तर त्या बटणाच्या आंत धूळ बसली आहे असें समजावें. वीज तोडून तें टोंकापासून टोंकापर्यंत पंचवीस-तीस वेळां फिरविल्यानेंहि पुष्कळदां फरक पडतो.

तारा जोडतांना होणारी एक चूक तर कोणालाच दिसत नाहीं. एका पेटीला तांबडी तार तांबड्या जागीं आणि दुसरीला तांबडी तार काळ्या जागीं लागली, तर एक शंकु पुढें जातो तेव्हां दुसरा मागें येतो. एकानें लोटलेली हवा दुसरा ओढून घेतो. भारदस्त स्वर नाहींसे होतात, आणि वार्ताहराचा आवाज पडद्यावरून न येतां खोलीभर विरून गेल्यासारखा वाटतो. एकाच पेटीच्या दोन तारा उलट करून पाहाव्या. आवाज घट्ट आणि मध्यभागीं आला तर तशाच ठेवाव्या.

उजव्या पेटीची गुणगुण ही निराळ्या जातीची तक्रार आहे. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची असून ती सेकंदाला ५० आवर्तनें करते, आणि स्पीकरमधली संथ गुणगुण बहुतेक वेळां तिचाच पडसाद असतो. अ‍ॅम्प्लिफायरकडे येणारी आवाजाची केबल काढून पाहावी. तरीहि गुणगुण राहिली तर ती यंत्राच्या पोटांतली आहे. तेथील जुने कपॅसिटर थकले असावेत. केबल काढतांच ती थांबली तर ती बाहेरून येत आहे. मग केबल पूर्ववत् लावून टेलिव्हिजनच्या मागची केबलवाल्याची किंवा डिशची गोल तार क्षणभर सोडावी. गुणगुण थांबली तर गुन्हेगार सांपडला. ती तार एका ठिकाणीं जमिनीला मिळालेली असते, आपलें यंत्र दुसऱ्या ठिकाणीं, आणि दोहोंमधून नको ती वीज फेऱ्या घालीत असते. सर्व यंत्रें एकाच विजेच्या पट्टीवर लावणें, त्या गोल तारेंत विलग करणारा जोड बसविणें, किंवा ऑप्टिकल केबल वापरणें, हे यावरचे उपाय. प्रकाशाच्या केबलमधून वीज वाहात नाहीं, म्हणून हा फेरा तेथें तुटतो.

येथें मला एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. तीन खुंट्यांच्या प्लगमधली मोठी खुंटी कापली कीं गुणगुण थांबते, असा सल्ला देणारे मित्र भेटतात. गुणगुण थांबते हें खरें आहे. पण ती खुंटी यंत्राचें पत्र्याचें अंग जमिनीशीं जोडून ठेवीत असते. आंतली एखादी तार सुटून पत्र्याला लागली, तर विजेला जमिनीकडे जाण्यासाठीं ती खुंटी नसते, माणसाचा हात असतो. गुणगुणीनें आजवर कोणी मेलें नाहीं. तसेंच अ‍ॅम्प्लिफायर, किंवा ज्या पेटींतच अ‍ॅम्प्लिफायर असतो अशी पेटी, घरीं उघडूं नये. प्लग काढल्यानंतरहि तिच्यांतील कपॅसिटर वीज धरून बसलेले असतात. आणि परदेशांतून नातेवाइकांनीं आणलेलें यंत्र असेल तर पाठीमागचा मजकूर वाचल्यावांचून तें खांचेंत लावूं नये. अमेरिकेंतली वीज १२० व्होल्टची आहे. केवळ त्या विजेसाठीं केलेलें यंत्र आपल्याकडे क्षणांत जळतें. वेगळा अ‍ॅडॅप्टर असेल तर त्यावरचे आंकडे आणि मधल्या टोकाची खूण यंत्रावरील मजकुराशीं जुळली पाहिजे. जुन्या बाजारांत कोणाचाहि अ‍ॅडॅप्टर कोणाच्याहि गळ्यांत बांधलेला असतो.

साधी लांकडी पेटी मात्र निर्भयपणें तपासावी. तिच्यांत घरची वीज नसते. जाळी काढून मोठ्या शंकूची कड पाहावी. पुष्कळ जुन्या स्पीकरमध्यें ती फोमची असते, आणि फोम दहा-वीस वर्षांत कुजतो. दमट हवेंत अधिकच लौकर. बोट लावतांच तिचा भुगा झाला तर आवाज फाटका कां येतो हें कळलें. ही कड नवी चिकटवून मिळते, शंकु टाकून द्यावा लागत नाहीं. मग दोन्ही हातांचीं बोटें शंकूवर चोहोंकडे सारखीं टेकवून तो हलकेच आंत दाबावा. तो मुकाट्यानें गेला तर उत्तम. कागद घासल्यासारखी खरखर झाली तर वेटोळें चुंबकाला घासत आहे, आणि तें कारागिराचें काम आहे. स्पीकर बाहेर काढावयाचा झाल्यास पेचकस जपून धरावा. चुंबक तो हातांतून ओढून घेतो आणि शंकूला भोंक पडतें.

ज्यांच्या घरीं मल्टिमीटर आहे त्यांनीं पेटीच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडून रोध मोजावा. ८ ओहम लिहिलेल्या पेटीवर सहा-सातच्या आसपास आंकडा येतो, ४ ओहमच्या पेटीवर तीनाहून थोडा अधिक. कांटा हललाच नाहीं तर तार कोठें तरी तुटली आहे. मल्टिमीटर नसेल तर दीड व्होल्टचा साधा सेल तारांना क्षणभर टेकवावा. टक् असा आवाज होऊन शंकु हलला म्हणजे मोठा स्पीकर जिवंत आहे.

मोठा स्पीकर, असें मीं मुद्दाम म्हटलें. आतां आपण आजींच्या तक्रारीकडे येतों. असल्या पेटींत बहुधा दोन स्पीकर असतात: खालचा मोठा, जाड्या स्वरांचा वूफर, आणि वरचा रुपयाएवढ्या घुमटाचा, बारीक स्वरांचा ट्वीटर. वरच्याच्या वाटेंत एक कपॅसिटर असतो. तो जाडे स्वर अडवितो आणि सेलची किंवा मल्टिमीटरची एकमार्गी वीजहि अडवितो. म्हणून ट्वीटर जळून गेलेला असला तरी पेटीवरचा आंकडा ठीक येतो, सेल टक् वाजतो, गाणेंहि वाजतें. पेटी परीक्षेंत उत्तीर्ण होते आणि तरीहि अर्धी मेलेली असते.

ही अर्धी पेटी कोणाला जाचते, तें पाहा. बोलण्याचा जोर स्वरांत असतो, पण अर्थ व्यंजनांत असतो. आणि स, श, च, ट, फ या व्यंजनांचे नाद बारीक, म्हणजे उंच असतात. ते गेले कीं आवाज तेवढाच मोठा राहातो, पण "साठ" आणि "आठ" यांत भेद उरत नाहीं. तरुण माणूस हरवलेला स अंदाजानें भरून काढतो आणि आपण अंदाज केला हें त्याला कळतहि नाहीं. वयपरत्वें कान थकतात तेहि प्रथम याच उंच नादांना. म्हणजे मेलेला ट्वीटर आणि म्हातारा कान हीं एकाच अक्षरावर घाव घालतात, आणि एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या माथीं सहज बसतो. कान म्हाताऱ्या माणसाचा असतो, म्हणून बहुधा त्यालाच शिक्षा होते.

निवाडा करणें अवघड नाहीं. मोबाइलवर बातम्या लावून आवाज अगदीं बारीक ठेवावा. वर्तमानपत्राची सुरळी करून तिचें एक टोक कानाशीं आणि दुसरें ट्वीटरच्या तोंडाशीं धरावें. तो जिवंत असेल तर स आणि श सुरीसारखे स्पष्ट येतील. मेला असेल तर त्या जागीं कांहीं नसेल, आणि सगळें बोलणें खालून, घोंगडीआडून आल्यासारखें वाटेल. दुसरी परीक्षा आजींची. त्यांनीं पाठ फिरवून बसावें, म्हणजे ओठ दिसणार नाहींत; आणि नातीनें पेटीच्याच जागीं उभें राहून साध्या आवाजांत साठ, आठ, सात, हात, टाच, काच असे दहा शब्द म्हणावे. नातीच्या तोंडचे शब्द कळतात आणि पेटीच्या तोंडचे कळत नाहींत, असें ठरलें तर आजी सुटल्या.

ट्वीटर मेलाच असेल तर त्याचें कारणहि बहुधा त्या न सांगितलेल्या पूर्वेतिहासांत असतें. लहान अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या शक्तीपलीकडे ताणलें कीं ध्वनीच्या लाटांचे माथे छाटले जातात, आणि त्या छाटणींतून उत्पन्न होणाऱ्या उंच स्वरांचा भार ट्वीटरच्या केंसासारख्या तारेवर पडतो. ती जळते. त्याच ओहमचा, त्याच मापाचा ट्वीटर मिळतो. दोन्ही पेट्यांत सारखेच बसवावे, म्हणजे आवाज एकीकडे झुकत नाहीं. ट्वीटर शाबूत असून आवाज क्षीण असेल तर वाटेंतला जुना कपॅसिटर सुकला असण्याचा संभव आहे. त्याच मापाचा नवा बसवावा. आणि कांहींहि खर्च करण्याआधीं पेटीची जागा पाहावी. उंच स्वर किरणांसारखे सरळ जातात, आणि पडदा, गादी, सोफा त्यांना गिळून टाकतात. पेटी जमिनीवरून उचलून, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, त्याच्याकडे तोंड करून ठेवली तर एवढ्यानेंच कित्येकदां शब्द उजळतात.

मात्र नातीच्या परीक्षेंतहि आजींना शब्द कळले नाहींत, तर संकोच न करतां कानांची तपासणी करून घ्यावी. त्यांत हरल्यासारखें कांहीं नाहीं. चष्मा लावणाऱ्याला आपण आंधळा म्हणत नाहीं. मग स्पीकर चांगला असूनहि यंत्राचा उपयोग कानालाच लागेल. पण तो निर्णय तपासणीनंतरचा, आधींचा नव्हे.

कोठें थांबावें, तेंहि सांगतों. वेटोळें जळलें, शंकु फाटला आणि अ‍ॅम्प्लिफायरहि गेला, अशी तिहेरी मोड असेल तर दुरुस्तीचा खर्च पेटीच्या मोलाबाहेर जातो. तेव्हां ती कचऱ्याच्या डब्यांत न टाकतां ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी. तिच्यांत तांबें आहे, चुंबक आहे, आणि मातींत जाऊं नये असें बरेंच कांहीं आहे. पण एकच दोष असेल, आणि बहुधा एकच असतो, तर लांकडी पेटीचा जुना स्पीकर दुरुस्तीला उतरतो.

आपल्या त्या घरीं काय निघालें असेल? डाव्या पेटीच्या तारेला गंज. केबलवाल्याच्या तारेचा फेरा. आणि दोन्ही ट्वीटर मृत. विकणाऱ्यानें फसविलें असेल किंवा त्यालाहि ठाऊक नसेल. टेलिव्हिजन निर्दोष होता. राहिल्या आजी. नवे ट्वीटर बसल्यावर संध्याकाळच्या बातम्या लागतात. भाजीचे भाव सांगितले जातात. नात संवयीनें वळून सांगणार, तों आजीच म्हणतात, "साठ रुपये किलो? महाग झाली गं." एवढें एक वाक्य त्यांना कोणाला न विचारतां बोलतां यावें, यासाठींच ती जोडी घरीं आणली होती.